पितळ मार विसरत नाही

माझा भाचा बालेवाडीला रायफल शूटिंगला जातो. हल्ली त्याच्या मोबाइलवर एकाच जातीचे व्हिडिओ चालू असतात. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये लष्कराच्या वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग पडलेला असतो. तो माणूस त्यातली एकेक उचलून हातप्रेसमध्ये लावतो, दांडा खाली ओढतो, आणि पुंगळी बाहेर येते ती वेगळ्याच मापाची होऊन. परवा जेवताना भाच्यानं विचारलं, "मामा, हे पितळ फाटत कसं नाही?"

फाटतं. रग्गड फाटतं. फक्त ते व्हिडिओत दाखवत नाहीत. मी भोसरीतल्या प्रेस शॉपमध्ये उमेदवारी केली आहे, फाटलेलं पितळ मी टोपल्या भरभरून उचललंय. पण त्याचा प्रश्न खरा होता. एका बंदुकीसाठी बनलेली पुंगळी दुसऱ्या बंदुकीला चालेल अशी करता येते, ती का, कुठपर्यंत, आणि कुठे घात होतो, हे समजलं की पितळ नावाचा धातूच समजतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काडतुसात चार वस्तू असतात: पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारा प्राइमर, आणि या सगळ्यांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्राइमर संपतो. पुंगळी तेवढी शिल्लक राहते, आणि बनवायला सगळ्यात खटपटीची वस्तूही तीच. मग ती फेकायची कशाला, या विचारातून तिकडे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा उद्योग वाढला. लष्कराच्या पुंगळ्या तिथे किलोवर विकत मिळतात. काही जुन्या रायफलींची काडतुसं मात्र कारखाने बनवतच नाहीत. हातात आहे ते एका मापाचं, हवंय दुसऱ्या मापाचं, म्हणून हे रूपांतर. (भाच्याच्या .22 च्या पुंगळ्या या कामाला निरुपयोगी. त्यात प्राइमरचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि बार उडताना ती कडाच चेपते. एकदा उडाली की भंगार.)

आता पितळच का, हे बघू. घरच्या कुकरची शिट्टी साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबाला उचलली जाते. .308 विंचेस्टर या मापाच्या रायफलीत कमाल दाब चार हजार किलोंच्या पुढे धरलेला असतो. म्हणजे कुकरच्या चार हजार पट, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात चढून उतरणारा. तो दाब पुंगळीची पातळ भिंत पेलत नाही, पेलते ती रायफलीची पोलादी चेंबर, म्हणजे काडतूस जिथे बसतं ती जागा. पुंगळीचं काम वेगळं. दाब चढताक्षणी तिनं फुगून चेंबरला घट्ट चिकटायचं, म्हणजे गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. आणि दाब उतरताक्षणी किंचित आक्रसून मोकळं व्हायचं, नाहीतर ती बाहेरच निघणार नाही. फुगताना फाटायचं नाही आणि फुगून तसंच राहायचंही नाही. ही दुहेरी नोकरी पितळ फार चोख बजावतं.

त्यातही कुठलंही पितळ नाही. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त या पितळेला जगभर काडतुसाचं पितळ असंच म्हणतात. धातूत दुसरा धातू मिसळला की साधारणपणे तो कडक होतो आणि ताणायला नालायक होतो. तांब्यात जस्त घालताना मात्र तीस टक्क्यांच्या आसपासपर्यंत ताकद वाढते आणि ताणलं जाण्याची क्षमताही वाढते. असा सौदा धातूंच्या बाजारात क्वचित मिळतो. चाळीस टक्क्यांपर्यंत गेलात की आत दुसऱ्याच रचनेचे स्फटिक तयार व्हायला लागतात, आणि ते पितळ गरम असतानाच ठोकावं लागतं.

मात्र पितळेची एक खोड आहे: ते मार विसरत नाही. जाड सतरंजी अख्खी ओढून सरकवायला किती जोर लागतो बघा. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. धातू वाकतो, ताणला जातो, तो असाच. अणूंचे थर एकदम घसरत नाहीत, आतल्या सुरकुत्या सरकतात. ठोकत राहिलं, ओढत राहिलं की नव्या नव्या सुरकुत्या तयार होतात आणि एकमेकींत अडकून बसतात. मग काहीच सरकत नाही. धातू ताठ होतो, आणि आणखी जोर केला तर तडकतो.

उमेदवारीत हे मी किंमत मोजून शिकलो. पितळी वाट्या खोल ओढायचं काम होतं, प्रत्येक ओढीनंतर जॉब भट्टीत जायचा. एकदा माल घाईचा होता, आणि मधली भट्टी चुकवायची असं ठरलं. तिसऱ्या ओढीला वाट्यांचे काठ जास्वंदीच्या फुलासारखे उमलले. दोनशे नग. सुपरवायझरनं काही न बोलता त्यातली एक उचलून माझ्या खिशात घातली.

कसब्यातल्या तांबट आळीत हीच गोष्ट कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. पत्रा भट्टीत मंद लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, ठोकायचा. हाताला ठोका ताठ लागायला लागला की पुन्हा भट्टी. तांबटाला ते आवाजावरून कळतं. नरम पत्रा ठप्प वाजतो, ताठलेला खणखणतो. पाण्यात बुडवल्यावर पितळ कडक होत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण पोलादाचं तसं होतं. तांब्या-पितळेत ते होत नाही, पाणी फक्त थंड करायला. नरम होण्याचं काम भट्टीतच उरकलेलं असतं: उष्णतेनं जुने चेपलेले स्फटिक मोडून नवे, बिनसुरकुत्यांचे स्फटिक उगवतात. यालाच कारखान्यात ॲनीलिंग म्हणतात. आणि शेवटी हंड्यावर मठारकामाचे ते जवळजवळ ठोके दिसतात ना, ते नुसते शोभेचे नाहीत. त्या ठोक्यांनी पत्रा मुद्दाम ताठ केलेला असतो, म्हणून भरलेला हंडा उचलला तरी पोचा पडत नाही.

पुंगळीत हेच सगळं एका बोटाएवढ्या जागेत बसवलेलं असतं. पत्र्याची गोल चकती कापून तिची वाटी करतात, वाटीची नळी ओढतात, तीन-चार ओढींत, मध्ये मध्ये भट्टी. मग बुडावर थंड अवस्थेतच जबर घाव घालतात. त्यातून बुडाची जाड तबकडी, प्राइमरचं घर आणि कारखान्याचा शिक्का असं सगळं उठतं. ते बुड पुढे कधीही नरम पडेल इतकं तापवत नाहीत. त्याचा ताठपणाच हवा असतो, कारण चेंबरच्या मागे पोलादाचा आधार सगळ्यात कमी तिथेच असतो. उलट टोकाला, गोळी धरणारी मान शेवटी तापवून नरम करतात. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते ती या तापवण्याची. नागरी बाजारातले कारखाने ती घासून चकचकीत करतात. लष्कराला ती दिसायला हवी असते, काम झाल्याची खूण म्हणून. म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरच्या एकाच नळीत खाली दगडासारखं पितळ आणि वर मऊ पितळ. रूपांतर करणाऱ्याला हे दोन्ही सांभाळायचं असतं.

मापांच्या आकड्यांनी घाबरू नका, त्यांच्यात तशी शिस्त नाहीच. शनिवार पेठेत शनिवारी काही वेगळं घडत नाही, तसंच हे. 7.62×51 म्हणजे नळीचा व्यास 7.62 मिलिमीटर आणि पुंगळीची लांबी 51. पण त्यातली गोळी प्रत्यक्षात 7.82 मिलिमीटरची असते, कारण 7.62 हे नळीतल्या चरांच्या उंचवट्यांमधलं अंतर आहे. .30-06 मधलं 06 हे माप नाहीच, ते साल आहे, 1906. आणि आपल्याकडची .315 म्हणजे इंचातले 8 मिलिमीटर.

यात एकच माप अढळ: बुडाचा व्यास. रायफलीचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, बुडालाच धरतो, आणि ते ताठ, जाड बुड लहान-मोठं करता येत नाही. बाकी सगळं हलतं. लांबी कापता येते, खांदा (पोट मानेकडे निमुळतं होतं तो उतार) मागे ढकलता येतो, मान अरुंद किंवा रुंद करता येते. म्हणून ज्यांची बुडं जुळतात अशांचीच सोयरीक जमते. अमेरिकन .30-06 आणि जर्मन 8×57 ही काडतुसं महायुद्धात समोरासमोर उभी होती, पण दोघांचीही बुडं साधारण 12 मिलिमीटरची. म्हणून अमेरिकन 63 मिलिमीटरची पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून खांदा मागे नेला, 57 वर कापली आणि मान जराशी रुंद केली की जर्मन रायफलीत बसते. जिथे जुना खांदा होता तिथे आता मान आलेली असते.

दुसरं उदाहरण भाच्याच्या व्हिडिओतलं: 5.56×45 पासून .300 ब्लॅकआउट. इथे 45 मधले 10 मिलिमीटर कापून टाकतात. त्या कापण्यात जुनी मान जाते, खांदाही जातो, उरते सरळ नळी. आता नवी मान त्या नळीच्या भिंतीतूनच घडवायची. आणि खरी मेख इथे आहे.

पुंगळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तोंडाशी पातळ, बुडाकडे जाड जाड होत जाते. जी भिंत काल पोटाची होती तिची आज मान केली, तर मान जाड निघते. नुसतं अरुंद केलं तरी तेच: 7.62×51 ची मान 6.2 मिलिमीटरच्या गोळीसाठी आवळून .243 विंचेस्टर केली, तर घेर पाचव्या हिश्शाहून जास्त कमी होतो. तेवढं पितळ कुठे जाणार? थोडं लांबीत, थोडं जाडीत. नाडी ओढल्यावर लेंग्याच्या चुण्या पडतात, तसं. आता ही जाड मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर बार उडताना तिला फुगायला जागाच नाही. गोळी सुटत नाही, दाब मात्र चढतच राहतो. केसभर जाडीचा फरक आणि रायफल हातात फुटण्याइतका परिणाम. म्हणून जाणकार लोक मान बाहेरून लेथवर घेतल्यासारखी तासून घेतात आणि प्रत्येक नग मायक्रोमीटरनं मोजतात. व्हिडिओत हा भाग पळवतात, कारण बघायला कंटाळवाणा आहे.

जाडीचाच दुसरा फटका आतून बसतो. लष्करी पुंगळीची भिंत बऱ्याचदा नागरी मालापेक्षा जाड असते. बाहेरून माप तेच, आत पोकळी कमी. तेवढीच दारू कमी जागेत जळली की दाब जास्त. किती दारू भरायची याचं तीन पिढ्यांच्या अनुभवाचं कोष्टक हातात असलं तरी ते दुसऱ्या भिंतीच्या पुंगळीसाठी लिहिलेलं असतं, आणि कागद हे सांगत नाही.

मान रुंद करणं याच्या उलट. तिथे पितळ ताणून पातळ होतं, आणि आधीच ताठलेलं असेल तर सरळ उभं फाटतं. म्हणून तापवणं आलं. पण तांबट अख्खा हंडा भट्टीत घालू शकतो, इथे ती मुभा नाही. मानेला ऊब द्यायची आणि बुडाला कळूही द्यायचं नाही, आणि पितळ तर उष्णता झपाट्यानं वाहून नेतं. जुनी रीत म्हणजे परातीत पाणी ओतून पुंगळ्या त्यात उभ्या करायच्या, मान पाण्याबाहेर, आणि वरून ज्योत. हल्ली फिरत्या चकतीवर मोजून काही सेकंद देतात. कमी तापली तर मान फाटते, ते नुकसान एका पुंगळीचं. जास्त तापून ऊब बुडापर्यंत पोचली तर बुड नरम पडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत कळत नाही. नरम झालेलं बुड पुन्हा ताठ करायला तो कारखान्यातला जबर घावच लागतो, आणि तो घरी कुणाकडे असतो? मला विचाराल तर या सगळ्या उद्योगात सर्वात फसवी गोष्ट हीच. तडा दिसतो, नरमपणा दिसत नाही.

प्राइमरचं थोडक्यात. जगात दोन पद्धती. एकीत बुडाला मधोमध एक भोक असतं, जुना प्राइमर आरपार काडी घालून सहज काढता येतो. ती पद्धत बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याची. दुसरीत मध्ये उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं, तिथे काडी चालत नाही. ती बर्डन या अमेरिकनाची. गंमत अशी की अमेरिकेनं ब्रिटिशाची उचलली आणि ब्रिटिशांच्या .303 ला अमेरिकनाची लागली. म्हणून पुन्हा भरण्याचा नाद अमेरिकेत फोफावला, आणि आपल्याकडच्या जुन्या .303 पुंगळ्या या बाबतीत हट्टी.

आता माझ्या टेबलावरची पुंगळी. आजोबा फौजेत होते. त्यांच्या मागे राहिलेल्या पत्र्याच्या डब्यात पदकांच्या रिबिनी, एक शिट्टी आणि .303 ची एक उडालेली पुंगळी होती. बुडावर शिक्का: के, बाण, एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. हा दारूगोळा कारखाना 1869 चा. पुंगळी इथून पाच-सात किलोमीटरवर जन्मली, कुठे कुठे फिरली देव जाणे, आणि शेवटी भोरजवळच्या आमच्या गावी गोठ्याच्या माळ्यावर डब्यात चाळीसएक वर्षं पडून राहिली. मी ती पाहिली तेव्हा मानेपासून खांद्यापर्यंत एक सरळ तडा होता, वर एका रेघेची हिरवट कळा. घरातले म्हणाले, कुणीतरी पाय दिला असेल. पाय दिला तर चेपते हो, अशी चिरत नाही.

हे दुखणं ब्रिटिशांना हिंदुस्थानातच भेटलं होतं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवलेली काडतुसं, न उडवता, न हाताळता, पेटीतल्या पेटीत तडकत. ऋतूप्रमाणे येतं म्हणून सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. कारणाचा नीट उलगडा 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या कामातून झाला. घोड्याच्या मुतातल्या युरियापासून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि स्फटिकांच्या सांध्यांतून तांबं खात आत शिरतो. पण नुसत्या अमोनियानं भागत नाही. पितळेच्या आत घडवतानाचा ताण कोंडलेला असावा लागतो. तो सांधे उघडत जातो, अमोनिया पुढे सरकतो. दोघांपैकी एक काढून घ्या, तडा जात नाही. उपाय सोपा निघाला: घडवून झाल्यावर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास सौम्य तापवायचं. स्फटिक बदलत नाहीत, ताठपणाही फारसा जात नाही, फक्त कोंडलेला ताण निवतो.

आजोबांच्या पुंगळीची मान एकदा चेंबरमध्ये फुगलेली, म्हणजे ताण होताच. खाली दोन म्हशी आणि एक बैलजोडी, म्हणजे अमोनियाही होता. आणि भोरचा पाऊस.

रूपांतर केलेल्या पुंगळीत हाच ताण भरपूर असतो. म्हणून जी आज बिनतड्याची दिसते ती सहा महिन्यांनी कपाटात तडकलेली सापडते, आणि माणूस म्हणतो, काहीच केलं नव्हतं. घरातल्या पितळेलाही हे लागू आहे. समई चिंचेनं घासा, पितांबरीनं घासा, पण अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण तिला लावू नका. संडास-बाथरूममधले पितळी नट कधी कधी आपोआप उभे चिरतात, तेही हेच.

भाच्यानं पुढचा प्रश्न विचारलाच: आपण करायचं का घरी? नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं कलम 5 खाली गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे, हे शूटिंग करणाऱ्या चांगल्या शिकलेल्या मुलांनाही ठाऊक नसतं. शोभेची एखादी रिकामी पुंगळी कपाटात असणं वेगळं.

वेगळं म्हणजे कपाटातच. रूपांतर करा, तासा, कापा, बुडावरचा शिक्का जुनाच राहतो, आधार कार्डावर जुना पत्ता राहावा तसा. अमेरिकेत .300 चं काडतूस चुकून 5.56 च्या रायफलीत जाऊन रायफली फुटतात त्या यामुळेही: बुड तेच, मॅगझिन तेच, शिक्काही तोच. आणि शिक्का बघून ओळखणारे फक्त नेमबाज नसतात. पुढच्या महिन्यात भाच्याला स्पर्धेसाठी दिल्लीला जायचंय. आजोबांची पुंगळी किचेनला लावून नेतो म्हणाला. मी ती परत डब्यात टाकली. लोहगावला विमानतळावरच्या स्क्रीनवर ती अगदी काडतुसासारखी दिसेल, आणि मग तड्याची गोष्ट त्याला सुरक्षा जवानांना पहिल्यापासून सांगावी लागेल.